बेनी भावजींची फळी

बेनी भावजी कुठलीही वस्तू तोंडात घालण्याआधी नाकाला लावायचे. वाईनचं सोडा, नळाचं पाणी, डोकेदुखीची गोळी, मी दिलेला चहासुद्धा. कपात नाक घालून डोळे मिटायचे आणि आम्ही निकालाची वाट बघत बसायचं. एकदा म्हणाले, "वहिनी, यात पावसात भिजलेल्या लाकडाचा वास आहे." साधा पुदिन्याचा चहा होता हो! आणि इस्रायलमध्ये, डिमोनाच्या वाळवंटात या गृहस्थांनी भिजलेलं लाकूड शेवटचं कधी हुंगलं होतं ते देवच जाणे. नाकानं कांदे सोलणारी माणसं मी मुंबईत पुष्कळ पाहिली होती, पण असा दीर माझ्याच नशिबी यावा!

माझ्या यजमानांचे हे धाकटे भाऊ. आमच्याच इमारतीत, एक मजला खाली राहायचे. लग्न केलं नाही. तीन ठिकाणी मुली दाखवल्या, प्रत्येकीत काहीतरी 'कमी' निघालं. माझ्या मुलीला, याएलला मात्र त्यांनी तळहातावर वाढवलं, तेवढं म्हणायलाच हवं. एकोणीसशे नव्वदपर्यंत ते माझ्याबरोबरच कापड गिरणीत होते आणि शुक्रवारी संध्याकाळी खारे दाणे खाऊन अरक, म्हणजे बडीशेपेची दारू, पिणारे साधे मनुष्य होते. मग गिरणीनं माणसं कमी केली आणि भावजींना मृत समुद्राकाठच्या एका हॉटेलात नोकरी लागली. काम काय, तर थंड पदार्थांच्या विभागात सुरी घेऊन उभं राहायचं. सकाळी चीज कापायचं, रात्री सुकवलेलं मांस. हातात सुरी आली आणि या माणसाला शिंगं फुटली.

आमच्याकडे शुक्रवारी शब्बाथच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आशीर्वादाला मनुकांचं सरबत असतं. कोकणात आमच्या ज्यू लोकांना धर्माला चालणारी, कोशेर वाईन कुठून मिळणार? म्हणून काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून घ्यायच्या. भावजींनी पेला हुंगला आणि म्हणाले, "हे खोकल्याचं औषध आहे, वहिनी." दुसऱ्या शुक्रवारी लाल वाईनची बाटली घेऊन हजर! ती म्हणे खोलीच्या तापमानालाच प्यायची असते आणि आधी तासभर उघडी ठेवून तिला श्वास घेऊ द्यायचा असतो. ऑगस्ट महिना, आमची पश्चिमेची खोली, बंद पडलेला पंखा. तासाभरानं ती वाईन इतकी गरम झाली की आमच्या ह्यांनी तिच्यावर फुंकर घातली. भावजी चार दिवस बोलले नाहीत. बरं वाटलं.

पण त्यांचं खरं वेड म्हणजे फळी. सुताराकडून ऑलिव्हच्या लाकडाची एक लांब फळी करून घेतली होती, तिला रोज तेल चोळायचे. तिच्यावर कागदासारखे पातळ कापलेले मांसाचे काप, धुरावलेला हंस, टर्कीची सलामी, ऑलिव्ह, अंजीर, अक्रोड, खारवलेल्या काकड्या असं मांडत बसायचे. "आधी थोरली माणसं बसवायची, मग मधली, मग फटीत पोरंटोरं," हे त्यांचं शास्त्र. "फळीवर रिकामी जागा दिसली की समजावं, यजमान चिक्कू आहे." वाईनबद्दल म्हणायचे, "यू सी वहिनी, लाल वाईन जीभ आवळते आणि मांसाची चरबी ती सोडवते. नवराबायकोसारखं आहे." लग्न न केलेल्या माणसाकडून हे ऐकून आमचे हे ठसकले.

आता दुखणं असं होतं की हॉटेलातल्या कुणा परदेशी पाहुण्यानं टाकून दिलेलं एक मासिक भावजींच्या हाती पडलं होतं. त्यात एका फळीचा फोटो होता. अर्ध्या फळीवर मांस, अर्ध्या फळीवर चीज. आपल्यात मांस आणि दूध एका ताटातच काय, एका पातेल्यातही चालत नाही, हे पाळण्यात भावजी आमच्या सगळ्यांहून कडक. शपथेवर सांगते, त्या फळीवर त्यांनी चीजचा कण कधी ठेवला नाही. पण फोटो काही डोक्यातून जाईना. जेवताना उसासे टाकायचे. "चित्र पुरं होत नाही, वहिनी. एक बाजू मुकी आहे."

मग एक दिवस उंटावरून अक्कल आली. माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले. "वहिनी, चिकाचा हलवा करता ना तुम्ही? साखरेऐवजी मीठ घाला."

नव्या वर्षाच्या सणाला आम्ही गहू भिजवून, वाटून, त्याचा चीक काढून नारळाच्या रसात घोटतो. हात मोडेपर्यंत घोटायचा, थाळीत ओतायचा, गार झाला की वड्या. त्यात मीठ! माझी सासू थडग्यातून उठून आली असती. पण भावजींनी इतका पिच्छा पुरवला की मी हात टेकले. मी घोटायचं आणि त्यांनी कलाकुसर करायची. एका गोळ्यात हळद घालून पिवळं चीज केलं. एक मिऱ्यात लोळवलं. एकाला सुईनं भोकं पाडून त्यात कोथिंबिरीची चटणी भरली, ती म्हणे परदेशी चीजमधली बुरशी. आणि मेलं ते हुबेहूब चीज दिसायचं! चवीला ओल्या पुठ्ठ्यासारखं. भावजी डोळे मिटून खायचे आणि वर वाईनचा घोट घ्यायचे.

इतपत ठीक होतं. आपल्या घरात कुणी काय खावं हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण त्याच सुमाराला याएलचं अवीशी जमलं. मुलगा गुणी, नेतिवोत गावचा. घराणं फार धार्मिक. वडील हॉटेलांची आणि लग्नाच्या हॉलांची स्वयंपाकघरं तपासायचे, मांस-दूध वेगळं राहतं की नाही ते बघायला. आम्ही घरात त्यांना तपासनीसच म्हणायचो. त्यांनी आधीच दोघातिघांकडे चौकशी केली होती की हे भारतातले लोक नक्की आपल्यातले ना, नियम पाळतात ना. अवीनं बिचाऱ्यानं हे याएलला सांगितलं, तिनं रडत मला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण करता काय? पोरीचा जीव जडला होता. मंडळी बोलणी करायला आमच्याकडे येणार ठरलं, तेव्हा याएल हिब्रूत म्हणाली, "इमा, काका येऊ देत, पण फळी नको." मी खाली जाऊन भावजींना बजावलं. ते मानेनं हो म्हणाले. शब्दानं नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मंडळी येऊन बसली आणि मागोमाग दारात फळी! फळीमागे भावजी, गळ्यात टाय. लोकांसमोर काय करणार, मी हसून टेबलावर जागा केली. फक्त फोडलेल्या नारळाची एक वाटी आणून फळीच्या टोकाला ठेवली. ही आमच्या सासूबाईंची रीत. परका माणूस जेवायला असला की नारळाच्या रसातल्या मटणाशेजारी त्या नारळ ठेवायच्या, म्हणजे रस्सा बघून कुणाला दूध वाटायला नको. मी वळून ग्लास आणायला गेले, तेवढ्यात भावजींनी नारळ उचलून खिडकीत ठेवला. फळीची शोभा जात होती ना!

तपासनीसांनी बाटलीवरचे कोशेरचे शिक्के चष्मा लावून वाचले, मांसाची चौकशी केली, समाधान झालं. दोन काप खाल्ले, घोटभर वाईन घेतली, "छान," म्हणाले. मग बोलता बोलता ती हिरव्या बुरशीची वडी तोंडात टाकली आणि फळीकडे नीट बघितलं. ताडकन उठले. वडी रुमालात थुंकली. बायकोच्या हातातली बशी काढून घेतली. "मांसाबरोबर चीज!" त्यांचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला असेल. "मला लोकांनी सांगितलं होतं तुमच्याबद्दल. मी म्हटलं, स्वतः बघावं. बघितलं!"

"नारळ आहे, नारळ," आम्ही सगळे एकदम ओरडलो. मी खिडकीतून वाटी आणून त्यांच्या नाकासमोर धरली. कोण ऐकतो! याएल भिंतीसारखी पांढरी झाली होती. माझ्या मनात आलं, या फळीनंच आधी भावजींचं टाळकं फोडावं आणि मग या पाहुण्याचं.

भावजी मात्र उठले नाहीत. टाय सारखा केला आणि हिब्रूत, हॉटेलातल्या पाहुण्यांशी बोलावं तसे म्हणाले, "साहेब, आमच्या गावात धर्मगुरू नव्हता. पुस्तक नव्हतं. तपासायला तर कोणीच नव्हतं. पण दारात म्हैस होती. दूध वाटेल तेवढं. तरी आमच्या बाया नारळ खवायच्या, वाटायच्या, पिळायच्या. का? पातेल्यात मटण होतं म्हणून. शेजारणी हसायच्या त्यांना. कोणी बघत नसताना आम्ही इतकी शतकं पाळलं. तुम्हाला तर शिक्का लागतो."

अवीच्या आईनं मुकाट्यानं एक वडी उचलली, चावली आणि नवऱ्याला म्हणाली, "नारळच आहे. बस खाली."

तपासनीस बसले. पण खाली पडले तरी नाक वर! म्हणाले, "असेल. तरी लग्नाआधी आमच्याकडचा एक माणूस येऊन तुमचं स्वयंपाकघर बघून जाईल." आमच्या ह्यांनी मान हलवली, मीही हलवली. मुलीच्या आईबापांना मान दिलेली असते ती हलवायलाच.

"जरूर," भावजी म्हणाले. "मंगळवारी तुमचा माणूस येऊ दे. बुधवारी मी तुमच्याकडे येतो."

"कशाला?"

"तुमचं बघायला."

झालं! मंडळी न जेवता गेली. माझी तळलेली मासळी तशीच राहिली. मी भावजींना काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. दीडदमडीची अक्कल आणि फळीभर मिजास, माझ्या पोरीचं वाटोळं केलंत, उद्यापासून वर पाऊल टाकू नका. याएल खोलीचं दार लावून बसली. भावजी फळी काखेत मारून खाली गेले.

मंगळवारी तो माणूस आला. पोरगेलासा, हातात वही. माझी कपाटं उघडली, पातेली उलटी करून बघितली, मांसाच्या सुऱ्या कुठल्या आणि दुधाच्या कुठल्या ते विचारलं. सासूबाईंनी मुंबईहून आणलेला पितळेचा डबा त्यानं दोन बोटांनी उचलला. आणि मी, पंचवीस वर्षं त्या ओट्याशी उभी राहिलेली बाई, चोरासारखी कोपऱ्यात उभी. भावजी नको म्हटलं तरी वर आले होते, दाराशी उभे होते. त्याला काही सापडलं नाही. सापडणार काय, कपाळ?

गुरुवारी अवीच्या आईचा फोन. मी घेतला. बाई म्हणाली, "तुमचे दीर काल येणार होते ना? मी सगळी कपाटं पुसून ठेवली होती. का नाही आले?"

मला आधी वाटलं टोमणा आहे. नव्हता. पुढच्या आठवड्यात आम्ही बसनं नेतिवोतला गेलो. भावजींनी पुन्हा टाय लावला होता आणि मला घाम फुटला होता. हा माणूस आता त्यांच्या पातेल्यात डोकं घालणार आणि उरलंसुरलं लग्नही मोडणार! बाईनं हसत स्वयंपाकघर दाखवलं. तपासनीस फ्रिजला टेकून उभे होते. कान लाल, हात कुठे ठेवावे ते कळेना. भावजींनी एकच कपाट उघडलं. एकदा वळून तपासनीसांकडे बघितलं, दार हळूच लावलं आणि म्हणाले, "सगळं बरोबर आहे." तपासनीसांनी श्वास सोडला आणि स्वतः खुर्ची ओढून दिली. त्याच दुपारी लग्नाची तारीख ठरली.

याएलची मुलं आता सैन्यात जायच्या वयाची होत आलीत. भावजी जाऊन बरीच वर्षं झाली. शेवटी हॉस्पिटलमध्येसुद्धा त्यांनी सूप हुंगून परत पाठवलं होतं आणि नर्सनं माझ्याकडे तक्रार केली होती. या माणसानं मला आयुष्यभर वैताग दिला. कुणी त्यांना मोठे शहाणे वगैरे म्हणू लागलं, की अजून माझं डोकं फिरतं.

पण त्या दिवशी नेतिवोतहून परतताना मी बसमध्ये त्यांना विचारलं, "एवढं सोंग करून गेलात, त्या कपाटात काय बघितलंत?"

"कप असतील," ते म्हणाले. "लक्ष नव्हतं माझं."

"मग उघडलंत कशाला?"

"त्या मंगळवारी तो पोरगा कपाटं उघडत होता, तेव्हा तुमचं तोंड मी बघितलं, वहिनी. आपलं कपाट दुसऱ्यानं उघडलं की त्या तपासनीसाचंही तसंच होतं का, तेवढं बघायचं होतं."

"मग?"

"तस्संच झालं. आता दोन्ही घरं सारखी. होऊ दे लग्न."

मी खिडकीकडे तोंड फिरवलं आणि पदर डोळ्यांना लावला.