रिकामी वाटी

तैवानला वृंदाकडे, माझ्या मैत्रिणीकडे गेले, तेव्हा तिच्या शेजारीणबाईंनी आम्हाला जेवायला बोलावलं. पानात टाकायचं नाही, हे माझ्या अंगात मुरलेलं. मी भाताची वाटी चाटूनपुसून संपवली. बाईंनी लगेच भरली. मी पुन्हा संपवली, त्यांनी पुन्हा भरली.

वृंदा मराठीतून खुशाल मोठ्यानं म्हणाली, “अगं, थोडं टाक की! रिकामी वाटी म्हणजे पाहुणा अजून उपाशी, असं इथे समजतात.”

गंमतच! बाई आणि मी इतका वेळ एकमेकींचा मान राखत होतो आणि त्यापायी एकमेकींचा जीव काढत होतो. परक्या देशात चांगुलपणासुद्धा जरा विचारूनच करावा.

मनात अन्नाची माफी मागून मी दोन घास ठेवले. बाई खुदकन हसून काही बोलल्या.

“काय म्हणतात गं?”

“म्हणतात, सुटले! भांड्यातला भात संपलाय. आता हिला माझ्याच वाटीतलं वाढणार होते.”