पेटीवरचे हात

लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण माझ्या बायकोचे हात कसे दिसतात हे मला माहीत नव्हतं. ही गोष्ट मला आमच्या भोपाळच्या मराठी मंडळात, माइक हातात असताना कळली.

झालं असं, की सुषमा कोलार रोडवरच्या आमच्या घरी पेटी शिकवते. गेल्या वर्षी एका मालिकेचं शूटिंग भोपाळात झालं. विषय संगीताचा धंदा : गरीब गायिका, लबाड कंपनी, वगैरे. नायिकेला पेटी येत नव्हती, म्हणून पेटीवरचे हात सुषमाचे घेतले. हे तिने मला सकाळच्या चहाला सांगितलं होतं म्हणे! मी पेपर वाचत होतो. "हं," म्हणालो, "येताना कोथिंबीर आण." (ती तिने आणली. हे मात्र मला पक्कं आठवतं.)

मालिका ओटीटीवर आली, सगळे भाग एकदमच. मंडळाने पहिला भाग मोठ्या पडद्यावर दाखवायचं ठरवलं. सचिव उमरेडकर (मूळचे नागपूरचे) घरी आले.

"भाऊ, एपिसोड झाला की तुम्ही चार शब्द बोलून द्या. मग सत्काराचा प्रोग्राम आहे."

सत्कार कुणाचा, हे मी विचारलं नाही. मंडळात दर वेळी कुणाचा ना कुणाचा असतोच; शालसुद्धा एकच फिरत असावी असा माझा संशय आहे! त्या दिवशी सुषमा नवीकोरी महेश्वरी साडी नेसली, तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

भाग संपला. मी उठलो.

"ठीक आहे," मी म्हणालो. (माझी सगळी परीक्षणं इथूनच सुरू होतात.) "वाईट नाही. पण संगीत कमी आणि करारनामे जास्त. पाऊण तास माणसं नुसत्या सह्याच करताहेत!"

चार जण हसले. मी चेकाळलो.

"आणि ती पेटी! चेहरा नायिकेचा, पण हात? डावा हात भाता असा हलवतो, की बाईंना उकडत असावं!"

कुणी हसलं नाही. हॉल इतका शांत झाला, की मला वाटलं, मुद्दा पोचला! म्हणून मी तो आणखी खुलवला.

"आमची सुषमा इतकी वर्षं पेटी वाजवते. विचारा तिला, पेटीवर असे हात असतात का?"

उमरेडकर धावत माझ्या कानाशी आले. "भाऊ, बस करा ना! वहिनींचेच हात आहेत नं ते!"

माइक चालूच होता. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

सुषमा उठली, शाल घेतली, नारळ घेतला आणि मग माझ्या हातातून माइक घेतला. आता आपलं काही खरं नाही, मी मनाशी म्हटलं. पण ती हसून म्हणाली, "मीच यांना सांगितलं होतं, की नातं विसरून खरं मत द्या. तोंडावर खरं बोलणारं माणूस घरात असावं लागतं."

टाळ्या! आणि त्या मला! मी तिच्या कौतुकाची संध्याकाळ वाया घालवली होती, आणि तिने सगळ्यांसमोर माझी अब्रू राखली होती. तिचे उपकार कसे फेडावेत, मला कळेना.

घरी परतताना स्कूटरवर तिने शाल आणि नारळ आमच्या दोघांच्या मध्ये ठेवला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी पेपर बाजूला ठेवला आणि सकाळपासून मालिकेचे उरलेले सगळे भाग पाहायला बसलो. पेटी दिसली की थांबवायचं, मागे न्यायचं, पुन्हा बघायचं. पाचव्या भागात तर मला गहिवरूनच आलं. मी उठलो आणि सुषमाला हाताला धरून स्वयंपाकघरातून बाहेर आणलं.

"बघ! काय ही बोटं! काय तो भाता! सुषमा, आंधळा होतो गं मी. असे हात लाखात एक!"

तिने पडद्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"छानच आहेत," ती म्हणाली. "माझे फक्त पहिल्या भागात आहेत. पुढचं शूटिंग मुंबईत झालं. हे तिथल्या कुणा बाईंचे."

आणि हे ती म्हणाली तेव्हा तिचा हात माझ्याच हातात होता.