चिंध्या बांधलेली ताटं

सोनारीची केशरबाई ज्वारी पिकत आली, की एकेक ताट पायानं ढकलून बघायची. खडखड्या रोग लागलेलं ताट आतून काळं पडून मोडायचं. पाण्यावाचूनही उभं राहिलेल्या ताटाला ती चिंधी बांधायची आणि त्याचंच कणीस बियाला ठेवायची.

बहात्तरच्या दुष्काळात घरात तेवढं गाडगंभर बीच उरलं.

नवरा हरिबा म्हणाला, "पोरगी आता रडंना सुदिक. दळ ते."

"मग पुढल्या साली काय चिंध्या पेरता व्हय?"

पण पोरीकडं बघून तिनंच जातं ओढलं. पोरगी जगली.

पुढं सोसायटीतून आणलेलं बी पेरलं. पावसानं ओढ दिली, तसं खडखड्यानं सगळं रान आडवं केलं. केशरबाई कमरेला चिंध्या खोचून बांधापर्यंत गेली, आणि तशीच माघारी आली.