एका पेन्शनला दोन मावश्या

आमच्या शालूमावशीला इंग्लंडच्या सरकारने एकदा कळवलं, की आपण दोन बायका आहात आणि त्या दोघींपैकी एकीलाही पेन्शन मिळणार नाही.

मावशी तेव्हा टेक्सासमध्ये, शुगर लँडला, मुलाकडे राहत होती. साठीला टेकलेली, आणि तिचे यजमान विनूकाका नुकतेच गेलेले. मी ह्यूस्टनला युनिव्हर्सिटीत शिकत होते आणि शनिवार-रविवार तिच्याकडे जात होते. (मावशीला सोबत म्हणून, असं मी सगळ्यांना सांगायचे. खरं कारण तिची भरली वांगी.)

तिचा मुलगा नितीन, म्हणजे माझा मावसभाऊ, तेल कंपनीत इंजिनिअर. अतिशय भला माणूस. त्याच्या भलेपणानेच मावशी रडकुंडीला आली होती. एकदा देशी ग्रोसरीत तिने त्याला हळूच विचारलं, "शंभर डॉलर देतोस का रे?"

"शंभर कशाला आई, दोनशे घे ना. पण हवेत कशाला?"

"असेच."

"असेच म्हणजे काय ते सांग, मी ऑनलाइन ऑर्डर करतो. तुला उगाच त्रास कशाला?"

मावशीने पैसे घेतलेच नाहीत. गाडीत माझ्या शेजारी बसली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मुक्ता, मी इंग्लंडात नर्स होते. पगाराचं पाकीट माझ्या हातात यायचं. तेव्हा मला 'कशाला' असं कुणी विचारत नव्हतं."

असं वाक्य माझ्यासमोर बोलायचं नसतं. माझे बाबा कामगार युनियनचे. आमच्या घरी पाहुणे आले की चहाच्या आधी त्यांच्यापुढे पत्रकांचा गठ्ठा यायचा, दुमडायला. मी वाचायला शिकले तीही 'बंधूंनो आणि भगिनींनो'पासून. अन्याय दिसला की माझे कान गरम होतात आणि डोकं काम करायचं थांबतं. त्या दिवशी कान घरी पोचेपर्यंत गरम होते.

मी शोधाशोध केली. अमेरिकेत मावशीने एक दिवसही नोकरी केलेली नव्हती, त्यामुळे इथे तिला स्वतःच्या कष्टाचं काही मिळणार नव्हतं. इंग्लंडात मात्र तिच्या पगारातून पेन्शनचे हप्ते कापले गेले होते. तिथला नियम असा, की किमान इतकी वर्षं भरलेली हवीत. त्याहून कमी असली तर एक पेनीही नाही. पण देश सोडून गेलेल्या माणसालाही कमी पडलेली थोडी वर्षं स्वखुशीने भरून काढता येतात. मुदतीच्या आत, एवढंच. मावशीची दोन वर्षं कमी पडत होती आणि मुदत संपायला काही महिने होते. काकांनी तिच्या नावावर थोडे पैसे ठेवले होते, त्यात हे हप्ते बसत होते.

"म्हणजे मरेपर्यंत दर महिन्याला माझे पैसे?" मावशीने विचारलं.

"तुझे. तुझ्या घामाचे."

"आणि कशाला हवेत ते सांगावं लागणार नाही?"

"राणीलासुद्धा नाही."

मावशी इतकी खूश झाली की तिने वांग्यात दाण्याचं कूट दुप्पट घातलं. तिथे मी थांबले असते तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

पण त्याच सुमारास मावशीच्या अमेरिकन नागरिकत्वाचं काम चालू होतं आणि मला कळलं, की शपथेबरोबर नाव फुकटात बदलून मिळतं. फुकटात! आता, मावशी माहेरची शालिनी दामले. लग्नात काकांनी ताटातल्या तांदळात अंगठीने 'मंगल' असं लिहिलं आणि ती मंगल वैद्य झाली. नाव, आडनाव, सगळंच बदललं. आम्हा माहेरच्यांसाठी ती शालूच राहिली, पण कागदावर मंगल. मी तिला गाठलंच.

"मावशी, कुणी विचारलं होतं का तुला?"

"काय?"

"नाव बदलताना."

"अगं, तेव्हा मला जेवलीस का हेसुद्धा कुणी विचारलं नव्हतं. लग्नघर ते."

"मग आता घे की परत. तुझं नाव आहे ते."

"या वयात?"

"हक्काला वय नसतं."

(हे वाक्य मला फार आवडलं. मी ते त्या आठवड्यात आणखी तिघांना ऐकवलं.) मावशी नको नको म्हणत होती. मी तीन शनिवार तेच बोलत राहिले. शेवटी ती म्हणाली, "बरं बाई, घेते. पण जेवताना तो विषय बंद कर." शपथेच्या दिवशी मंगल वैद्य आत गेली आणि शालिनी दामले बाहेर आली. मी पार्किंगमध्येच टाळ्या वाजवल्या. नितीन म्हणाला, "यार, आता सगळीकडे आईचं नाव चेंज करावं लागणार. बँक, इन्शुरन्स, लायब्ररी कार्ड." मी त्याला पुरुषप्रधान म्हटलं.

मग आम्ही इंग्लंडला अर्ज केला आणि ते उत्तर आलं. शालिनी दामले नावाच्या बाईने काही वर्षं हप्ते भरले आणि मग ती गायब झाली. मंगल वैद्य नावाच्या दुसऱ्या बाईने त्यानंतर काही वर्षं भरले आणि तीही गेली. दोघींच्या हप्त्यांच्या खात्याचे नंबर वेगळे. दोघींनाही वर्षं कमी. आणि स्वखुशीने भरायला जितकी मुभा होती, तितक्यात कुणा एकटीचं भागत नव्हतं.

"दोन नंबर कसे काय?" मी विचारलं.

मावशीने लसूण सोलता सोलता सांगितलं. लग्नासाठी ती नोकरी सोडून पुण्याला गेली होती. परतली ती नव्या नावाच्या पासपोर्टवर. काका म्हणाले, नवं नाव म्हणजे नवा नंबर काढायला हवा. काकांचा नीटनेटकेपणावर फार विश्वास होता. तिने नवा नंबर काढला आणि जुन्याच हॉस्पिटलात, जुन्याच वॉर्डात, नवी उमेदवार म्हणून अर्ज केला.

"मग त्यांनी ओळखलं नाही तुला?"

"कुठचं! मेट्रन म्हणाली, तुमच्यासारखीच एक भारतीय मुलगी होती आमच्याकडे, शालिनी. लग्नाला गेली ती आलीच नाही. फार गुणी होती."

"आणि तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? ती इतकं चांगलं बोलत होती, मध्ये कसं तोडायचं? पुढे मला काही जमलं नाही की म्हणायची, शालिनी असती तर असं झालं नसतं."

नितीन हसायला लागला. मीही हसले. मावशी मात्र लसूण सोलत राहिली. "चार वर्षं मी माझ्याच जागी बदली म्हणून काम केलं," ती म्हणाली, "आणि माझ्याहून मीच चांगली होते."

पण मार्ग सोपा दिसत होता. मावशीकडे अमेरिकन कोर्टाचं शिक्क्यासह प्रमाणपत्र होतं, की मंगल वैद्य हीच शालिनी दामले! मी ते विजयी मुद्रेने पाठवून दिलं. चार दिवसांनी सकाळी, चहा होतोय तोवर, इंग्लंडहून फोन आला. बाई अगदी मऊ आवाजात बोलत होत्या. मी दुसऱ्या खोलीतला फोन उचलून ऐकत होते.

"मिसेस वैद्य, तुम्ही शालिनी दामले हे नाव या उन्हाळ्यात घेतलंत?"

"हो."

"शालिनी दामले यांच्या खात्यात हप्ते आहेत हे कळल्यानंतर?"

"हो, म्हणजे, माझी भाची म्हणाली..."

"भाचीने तुम्हाला ते नाव घ्यायला सांगितलं?"

"हो."

बाईंनी ते लिहून घेतलं. जगात कुणीही त्रयस्थ माणसाने हा कागद बघितला, तर त्याला एकच गोष्ट दिसली असती: मंगल नावाच्या बाईने बेपत्ता शालिनीची वर्षं लाटण्यासाठी तिचं नाव घेतलं आहे, आणि तिच्यामागे एक भाची आहे. बाई मऊ आवाजातच म्हणाल्या, की प्रकरण चौकशीसाठी पुढे जाईल आणि तोवर कुणाचेच हप्ते घेता येणार नाहीत.

"मंगल शालिनी झाल्याचा पुरावा आमच्याकडे आला," त्या म्हणाल्या. "शालिनी मंगल झाल्याचा पुरावा द्या."

लग्न नोंदवलेलं नव्हतं, जुने पासपोर्ट घरं बदलताना हरवले होते. होता फक्त एक फोटो, तांदळाच्या ताटाचा. तो पाठवला. उत्तर आलं, की छायाचित्रात तांदूळ स्पष्ट दिसतात. व्यक्ती मुंडावळ्यांमुळे ओळखता येत नाही. मग मात्र माझे कान पुन्हा गरम झाले. मी एक निवेदन लिहिलं. आमच्याकडे बाईचं नाव कसं पुसतात, त्यामागचं अर्थकारण, साम्राज्यवादाने नर्सेसच्या श्रमांची केलेली लूट, सगळं होतं त्यात. रात्रंदिवस खपून पानंच्या पानं लिहिली. त्याला दोन ओळींचं उत्तर आलं: निवेदन मिळालं, आभारी आहोत. या दोन नावांची व्यक्ती एकच आहे का, ते त्यात आढळलं नाही.

मी पुन्हा वाचून बघितलं. खरंच नव्हतं.

नितीन घरात माझ्याशी बोलेनासा झाला. "मुक्ता, सीरियसली, आईवर फ्रॉडची केस झाली ना..." एवढं म्हणून तो गॅरेजमध्ये निघून जायचा. मुदत जवळ येत होती. मावशीने पेन्शनचा विषयच सोडला. ग्रोसरीत आता ती गाडीतून उतरत नसे. यादी नितीनच्या हातात द्यायची आणि बसून राहायची.

शेवटी तिनेच एका दुपारी फोनची जुनी वही काढली आणि इंग्लंडला ब्रिजिट नावाच्या बाईला फोन लावला. ब्रिजिट आयरिश, तिच्याच वॉर्डातली नर्स, तिची खोलीतली जोडीदार, लग्नाआधीही आणि काका वेगळ्या गावी शिकत होते तेव्हा लग्नानंतरही. दोघी पाऊण तास बोलल्या आणि त्यातली चाळीस मिनिटं गुडघ्यांवर. नंतर ब्रिजिटने तिथल्या पेन्शनच्या कचेरीत जाऊन जबाब दिला. तो पुढे आम्हाला बघायला मिळाला: "मी दोघींबरोबर एका खोलीत राहिले आहे. दोघी सारख्याच घोरतात. ती एकच आहे."

तेवढ्यावर काम झालं.

मऊ आवाजाच्या बाईंचा पुन्हा फोन आला. अभिनंदन, दोन्ही खाती एक केली आहेत, मंगल वैद्य या नावाने. उरलेले हप्ते भरू शकता. मावशीने डोळे पुसले. मी दुसऱ्या खोलीतून ओरडले, "पण तिचं नाव शालिनी आहे!"

"तेही बदलून देऊ," बाई म्हणाल्या. "मात्र नव्या नावासाठी नव्याने चौकशी होईल."

"आणि मुदत?"

"ती तोवर संपलेली असेल."

मंगल म्हणून हप्ते भरले गेले. पण पेन्शन मंगलच्या नावाने येणार आणि इथल्या बँकेत खातं शालिनीचं. (नितीनने सगळीकडे नाव बदलून घेतलं होतं. लायब्ररी कार्डासह.) बँकेतला मुलगा नम्रपणे म्हणाला, की या नावाचं ओळखपत्र आणा. म्हणजे मावशीला पुन्हा मंगल व्हावं लागणार होतं. या वेळी फुकटात नाही. कौंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या कोर्टात, फी भरून, बोटांचे ठसे देऊन.

जाताना गाडीत मी तिला म्हटलं, "मावशी, नको करूस. आपण लढू. तुझं नाव परत मिळालंय तुला."

"किती लोकांनी हाक मारली मला त्या नावाने, या सहा महिन्यांत?"

"मी मारते ना."

"तू आधीही मारायचीस." तिने माझा हात थोपटला. "मला माझ्या पैशाने मीठ आणायचंय गं. कुठल्याही बाईच्या नावाने मिळू दे."

न्यायाधीश वयस्कर होते, घाईत होते. त्यांनी कागद चाळले. नागरिकत्व मिळताना बदललेलं नाव वर्षाच्या आत पुन्हा उलटं बदलायला निघालेली बाई त्यांनी बहुधा पहिल्यांदाच बघितली असावी. त्यांनी चष्मा काढला.

"मॅडम, हे नाव बदलण्यासाठी तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का?"

"नाही," मावशी म्हणाली. "आत्ता मी मनाने बदलतेय. दबाव मागच्या वेळी होता."

"मागच्या वेळी? दबाव आणणारी व्यक्ती आज इथे हजर आहे?"

मावशीने वळून माझ्याकडे बोट दाखवलं. "ती तिथे बसलीये. माझी साक्षीदार म्हणून आणलीये."

मी उभी राहिले. बायकांवर नावं लादण्याच्या प्रथेविरुद्ध मी आजवर पुष्कळ लिहिलं आहे, बोलले आहे, घोषणा दिल्या आहेत. पण त्या बाबतीत कोर्टात माझी नोंद झाली ती एवढी एकदाच, आणि तीही लादणारी म्हणून.