राजा मरेपर्यंत

बडनेऱ्याहून अकोल्याला जाणाऱ्या गाडीत त्या माझ्यासमोर बसल्या होत्या. पन्नाशीच्या, भाचीच्या साखरपुड्यासाठी नटलेल्या, मांडीवर जाडजूड ऐतिहासिक कादंबरी. वाचता वाचता त्या राजालाच झापत होत्या. “अबे, तो सरदार फितूर आहे! तुले समजत कावून नाही?”

साखरपुडा मूर्तिजापूरला होता. मूर्तिजापूर आलं, गाडी थांबली, पण त्या हलल्या नाहीत. फोन वाजला. “राजा मरून राहिला न बाई, अशात कशी उतरू?” एवढं बोलून त्यांनी तो बंदच केला. गाडी सुटली.

मी म्हटलं, “काकू, तो मरतो हे शाळेतच शिकवतात की!”

“मले बी माईत आहे,” त्या डोळे पुसत म्हणाल्या, “पन हा लेखक वाचवंन असं वाटलं होतं.”

अकोल्याच्या अलीकडे राजा गेला. काकूंनी लेखकाला एक सणसणीत शिवी हासडली. अकोल्याला उतरून परतीच्या गाडीसाठी त्या फलाटावरच्या बाकावर बसल्या आणि पिशवीतून रहस्यकथा काढली.

“ह्याच्यात बरं असते,” त्या मला म्हणाल्या. “मानूस मरते, पन मारनारा सापडते तरी.”