पाय भुईला टेकेपर्यंत

काही गावांना अजून खासगी मालकांच्या प्रवासी सर्व्हिस मोटारी धावत होत्या, त्या काळातली गोष्ट. मी कोल्हापूरच्या कोर्टात कारकून होतो. मंगळवार पेठेतले एक वयस्कर शिंपी, सगळे त्यांना चाचा म्हणत, अशाच एका मोटारीतून उतरताना चाकाखाली आले आणि त्यांचा पाय गेला. शिलाई मशीन बंद पडलं. त्यांनी दावा लावला. चाचांनी चालत्या गाडीतून स्वतःच उडी मारली, असं मालकाचं म्हणणं होतं, आणि तसं सांगायला त्यानं आपल्याच कंडक्टरला उभं केलं.

तो आडव्या अंगाचा माणूस साक्षीच्या पिंजऱ्यातही हलत्या गाडीत उभं राहावं तसा पाय फाकवून उभा राहिला.

"घंटी मीच मारली, साहेब," तो खड्या आवाजात म्हणाला. "चाचांचा एक पाय अजून पायरीवर हुता. घाईत मी मागं बघितलंच न्हाय."

मालकाचा वकील खवळला. "पगार कुणाचा खातोस?"

"मालकाचा की! म्हणूनच सांगतो. तिकीट फाडलं की माणूस आमच्या हवाली झालं. त्याचं पाय भुईला टेकंस्तवर ते आमचंच."

पुढं त्या साक्षीवर निकाल चाचांच्या बाजूनं लागला. साक्षीदार मी खूप पाहिले. दोष स्वतःच्या अंगावर घेऊन खरं बोलणारा तेवढाच आठवतो.

नोकरी मात्र त्याची साक्षीच्या दिवशीच गेली. कोर्टाच्या आवारात मी न राहवून विचारलं, "आता काय करणार?"

कुबड्या सावरत चाललेल्या चाचांकडं त्यानं बघितलं.

"माझं दोन्ही पाय हायेत की, पावणं," तो म्हणाला, आणि त्यांना टांग्यात बसवायला गेला.