आठवड्यात जाणारा डाग

"वैशूताई, आई गेली गं..." सुनंदाताईच्या प्रियाचा फोन आला तेव्हा मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये एका आजोबांच्या दंडाला पट्टा बांधत होते. त्यांचं रक्त घेतलं, कापूस दाबला आणि मग जिन्यात जाऊन ढसाढसा रडले.

सुनंदाताईने आणि मी मरोळच्या एका छोट्या कॉलेजात लॅब टेक्निशियनचा कोर्स केला. खाली हार्डवेअरचं दुकान, वर आमचे दोन वर्ग. मी नुकतीच बारावी झालेली. ती दोन पोरांची आई, नर्सिंग होममध्ये आया. "इतकी वर्षं पेशंटची भांडी उचलली, आता मला सुई धरायचीय," म्हणायची. टोचायचा सराव आम्ही एकमेकींवरच करायचो. माझा हात असा थरथरायचा की एकही मुलगी पुढे येईना. कोर्स सोडते म्हणाले, तर ही बया बाही वर करून समोर बसली. "टोच गं. मरत नाही मी!" टोचलं, पण घाबरून कापूस लगेच काढला. दुसऱ्या दिवशी तिच्या हातावर हा मोठा निळा डाग! मी रडकुंडीला आले आणि ती खो खो हसत सुटली. "आठवड्यात जातो तो. कापूस तेवढा नीट दाबून धरत जा." मग काय, वर्गातल्या सगळ्या घाबरटांना तिचाच हात. पास झाल्यावर पांढऱ्या कोटातला फोटो तिने गावाकडे सगळ्यांना पाठवला.

यंदा तिला रक्ताचाच आजार निघाला. आमच्याच हॉस्पिटलात होती. शिरा पार हरवलेल्या, सिस्टर टोचून दमली, तेव्हा ही म्हणाली, "माझ्या वैशूला बोलवा." मला शीर पहिल्याच वेळी लागली. कापूस दाबून धरला, पण रक्त काही थांबेना... कितीतरी वेळ मी तशीच उभी. "सोड आता, बोट दुखेल तुझं," ती म्हणाली. डाग उठलाच. "आठवड्यात जाईल," मी म्हटलं. तिने बाही खाली ओढून घेतली. रिपोर्ट वाईट आला आणि तिला घरी नेलं.

फोननंतर मी तिच्या घरी पोचले, तेव्हा तिला पांढऱ्या साडीत निजवलं होतं. हात उघडा होता. डाग तसाच होता, निळाजांभळा. त्याला आठवडासुद्धा मिळाला नाही.

हल्ली पेशंट कुरकुरतात, "मॅडम, थांबलं रक्त, सोडा की!"

सोडते... जरा वेळाने.